मुलीची आरटीईची जागा सोडून तिला महापालिकेच्या शाळेत घालू का? (घणसोली)

घणसोली_गाववाला
२६ जून २०२५

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी घणसोली गावातला, आगरी. रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर आहे. मुलगी आता दुसरीत गेली. गेल्या वर्षी तिला आरटीईतून (म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांतून), ओबीसी दाखल्यावर, गावाजवळच्याच एका इंग्रजी शाळेत नंबर लागला. प्रश्न एवढाच की तिला तिथून काढून महापालिकेच्या शाळेत घालावं का. बायको नको म्हणते, आई नको म्हणते, आणि माझं रोज वेगळं ठरतं.

आधी मागचं सांगतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला होता. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेने २५ टक्के जागा द्यायच्या नाहीत. शहरात कुठेही उभे राहा, एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा असतेच. म्हणजे आमचा विषयच संपला होता. पालक हायकोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलैला कोर्टाने तो बदल रद्द केला. मग कुठे सोडतीची यादी लागली. शाळा जूनमध्ये सुरू झालेली, माझी पोरगी वर्गात गेली ऑगस्टमध्ये. तोवर बाकीच्यांच्या जोड्या जमल्या होत्या. हिला शेवटचा बाक मिळाला, रिकामा तोच होता.

पहिल्याच आठवड्यात एकदा तिची बाटली घरी राहिली. तिने बाईंना सांगितलं, "मना पानी पायजे." आमच्या घरात असंच बोलतात. पोरं हसली. बाई हसल्या की नाही हे ती सांगत नाही. तेव्हापासून रोज सकाळी बूट घालण्याआधी ती बाटली ट्यूबलाइटच्या उजेडात धरून बघते, गळ्यापर्यंत भरली आहे की नाही. भरलेली असली तरी दोनदा बघते. शाळेत कोणाकडे काही मागायची वेळ येऊ नये, एवढंच.

डिसेंबरात गॅदरिंगच्या ड्रेसचे अठराशे दिले. जानेवारीत ॲक्टिव्हिटीचे साडेसहा हजार सांगितले. ऑफिसात विचारलं की आरटीईला फी नसते ना? तिथले साहेब म्हणाले, "सरकार आमचे पैसे देत नाही, आम्ही कुठून आणायचे?" सरकारने शाळेला एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये द्यायचे असतात आणि ते वर्षानुवर्षं थकतात, हे मलाही माहीत होतं. तीन हप्त्यांत भरले. पावती दिली, पण शिक्का नाही. कोपऱ्यात पेन्सिलने "आरटीई" लिहिलेलं.

आता परवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फीवाढीवरून बोलणं चाललं होतं. एकाने लिहिलं, "आपण वर्षाला नव्वद हजार भरायचे आणि बाजूच्या बाकावर फुकटवाले." खाली पाच अंगठे. त्यातल्या एकीच्या मुलीबरोबर माझी मुलगी डबा खाते. मी ग्रुपवर आहे हे त्यांना दिसतं.

त्या रात्री झोप लागली नाही. शाळेचं मैदान ज्या अंगाला आहे तिथे आमची भाताची खाचरं होती, आजी अजून हात करून दाखवते. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई-पागोट्याला आंदोलनात पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडले. पुढे शाळांना भूखंड मिळाले ते सवलतीच्या दरात. त्यांना कोणी फुकटवाले म्हटलं नाही. माझ्या सात वर्षांच्या पोरीला म्हटलं.

आता सरकारचं. नोव्हेंबरात मी मत दिलं, रांगेत दीड तास उभं राहून दिलं, आणि जे निवडून आले त्यांनाच दिलं. गरजेपोटी परवानगीशिवाय बांधलेली घरं नियमित होतील, विमानतळाला आमच्या जमिनींसाठी लढलेल्या दि. बा. पाटलांचं नाव लागेल, बायकोच्या लाडकी बहीण योजनेतल्या पंधराशेचे एकवीसशे होतील, असं सांगितलं होतं. परवा २४ तारखेला दिबांचा स्मृतिदिन झाला. नावाचा ठराव विधानसभेने २०२२ मध्येच केलाय, नाव अजून लागलेलं नाही. मार्चच्या अर्थसंकल्पात एकवीसशे नव्हते. तेही एक वेळ सोडून देतो, घरं काय, आम्ही चाळीस वर्षं थांबलोच आहोत. पण शाळेचे पैसे? माझ्या मुलीची फी कोणीतरी भरायची आहे, कायद्याने भरायची आहे. ती वेळेवर भरली असती तर ती कोणाच्या डोळ्यांत फुकटी ठरली नसती. मला सरकारचा राग येतो तो इथे येतो.

प्रचाराला दारात आलेल्यांपैकी एकानेही शाळेचा शब्द काढला नाही. मीही काढला नव्हता.

भावाचा मुलगा महापालिकेच्या शाळेत पाचवीत आहे. मराठी धडाधडा वाचतो, वर्गात सगळे ओळखीचे, शाळेत जायला कधी रडला नाही. इंग्रजी कच्चं आहे. माझी मुलगी इंग्रजीत कविता म्हणते आणि वर्गात पाणी मागत नाही. काय करू?


ऐरोली_सेक्टर८
२६ जून

दादा, तुमचं दोनदा वाचलं. मी त्या पाच अंगठ्यांच्या बाजूची आहे, म्हणजे पूर्ण फी भरणारी. मुलगा चौथीत. आमच्या ग्रुपवरही असे मेसेज येतात. मी अंगठा दिला नाही आणि कोणाला उत्तरही दिलं नाही.

आमचीही बाजू ऐका, रागावू नका. घराचा हप्ता एकेचाळीस हजार. दोघं नोकरी करतो, मी माइंडस्पेसला, नवरा मुलुंडला. शाळेची फी, बस, डे-केअर धरून महिन्याच्या वीस तारखेला खात्यात जे उरतं ते सांगायला नको. त्यात शाळा फी वाढवते तेव्हा माणूस राग काढायला जवळचं कोणीतरी शोधतो. आमच्या पालक सभेत तोंडी सांगितलं होतं की आरटीईचे पैसे सरकारकडून येत नाहीत, म्हणून वाढ. मी तेव्हा मान डोलावली होती.

मग या वर्षी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत माझं नाव निघालं. फीच्या कायद्यात पालक प्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून निवडतात, तशी माझी चिठ्ठी निघाली. फीचा प्रस्ताव आमच्यासमोर आला. घरी येऊन मी एका वर्गाचा हिशोब मांडला. चाळीस मुलं, त्यात आरटीईची सहा. सरकारकडून या सहा जणांचा एक पैसाही आला नाही असं धरलं तरी खड्डा १,०६,०२० रुपयांचा. आणि वाढ किती? माणशी नऊ हजार, चौतीस मुलांवर ३,०६,००० रुपये. जवळजवळ दोन लाख वर. आकडा चुकला असेल म्हणून नवऱ्याकडून परत करून घेतला.

हे मी समितीत बोलले. शिक्षकांचे पगार, वीज, बसचं डिझेल अशी कारणं मिळाली, त्यातली काही खरीही असतील. पण मग ती सांगा ना! आरटीईच्या मुलांच्या नावावर का टाकायचं? आणि आम्ही पालकांनी ते का मानून घेतलं? सोपं होतं म्हणून.

मतदानाचं म्हणाल तर माझ्या डोक्यात टोल होता. ऑक्टोबरात ऐरोलीचा टोल छोट्या गाड्यांना माफ झाला, नवरा खूश, मीही खूश, दोघांनी मत दिलं. शाळांच्या फीबद्दल हे सरकार काही करेल असं वाटलं होतं. कायदा आहे, पण एकट्या पालकाची तक्रार चालत नाही, २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. नोकरी करणाऱ्या माणसांनी चारशे सह्या कधी गोळा करायच्या?

एक गोष्ट तुमच्यामुळे लिहिते. मी स्वतः ठाण्यात मराठी शाळेत शिकले, चांगली शिकले. मुलाच्या वेळी महापालिकेच्या शाळेचा विचार आम्ही एक मिनिटही केला नाही. लोकांना सांगताना माध्यमाचं कारण सांगतो. खरं कारण वर्गात कोण बसेल हे होतं. हे मी आजवर नवऱ्यालाही म्हटलेलं नाही.

मुलीला काढायचं की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ग्रुपवर त्या माणसाला उत्तर द्यायचं काम तुमचं एकट्याचं नाही.


कोपरखैरणेकर
२७ जून

महापालिकेच्या शाळेचं बघणार असाल तर सीबीएसईचीही चौकशी करा. सीवूड्सला आणि आमच्या कोपरखैरण्यात नवी मुंबई महापालिकेच्या सीबीएसई शाळा आहेत, फी नाही. पण प्रवेश लहान वर्गाला होतो, दुसरीला जागा रिकामी असली तरच. घणसोलीहून सीवूड्स लांब पडेल.

बाकी सरकारचं काय बोलणार. नवी मुंबईत २०२० च्या मे महिन्यापासून नगरसेवकच नाहीत, प्रशासक बसलाय. पाच वर्षं झाली. शाळेत पंखा बंद असला तरी कोणाच्या दारात जायचं ते कळत नाही. आमदारकीला मत दिलं, खासदारकीला दिलं, पण शाळा ज्याच्या हातात आहे त्या सभागृहासाठी मत द्यायची वेळच आलेली नाही.


निवृत्त_बाई_ठाणे
३० जून

भाऊ, मी ठाण्यात महापालिकेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं.

घाईने जागा सोडू नका. आरटीईची जागा प्रवेशाच्या वर्गालाच मिळते, एकदा सोडली की परत नाही. तुमच्या मुलीचा हक्क आठवीपर्यंत आहे. तिला वेगळं बसवता येत नाही, वेगळी वागणूक देता येत नाही. ॲक्टिव्हिटीचे पैसे मागतील तेव्हा कशाचे ते लेखी मागा, शिक्क्याची पावती मागा. पेन्सिलने लिहिलेला कागद मात्र जपून ठेवा, तो उद्या उपयोगी पडेल. वर्गशिक्षिकेला एकदा शांतपणे भेटा, पाण्याची गोष्ट सांगा. तिला माहीत नसण्याची शक्यता आहे. चाळीस मुलांत एक मूल गप्प बसलं की शिक्षकाला ते शहाणं वाटतं. मलाही वाटत असे.

माझ्या वर्गात कळव्या-खारेगावची आगरी-कोळी मुलं असायची. पहिली काही वर्षं मी त्यांना "मना नाही, मला" असं दरवेळी अडवलं. मग एक मुलगा महिनाभर बोललाच नाही, तेव्हा थांबले. फळ्यावर दोन रकाने आखायला लागले, घरचं आणि पुस्तकातलं. मना, मला. पानी, पाणी. मुलं घरून शब्द आणायला लागली, आज्यांना विचारून. डावा रकाना नेहमी आधी भरायचा. तुमच्या मुलीच्या शाळेत कोणी असं करणार नाही, म्हणून घरी तुम्ही करा. तीन रकाने करा, तिसरा इंग्रजीचा.

आता जे सांगते ते सांगायला जड आहे. आमच्या शाळेत अकरा शिक्षक होतो. एकाचंही मूल आमच्या शाळेत नव्हतं. माझी दोन्ही मुलं नौपाड्यात खासगी शाळेत गेली. आमच्या शिपाईबाईंची मुलगी मात्र माझ्याच वर्गात होती. त्यांनी एकदा विचारलं, बाई, तुमचा मुलगा कुठल्या शाळेत? मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगलं केलंत." अगदी मनापासून म्हणाल्या. मी मन लावून शिकवत होते, कधी तास चुकवला नाही, आणि तरी त्या बाईला ठाऊक होतं की मी शिकवते ती शाळा मी माझ्या मुलांसाठी निवडली नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, ते दोन शब्द आठवले की अजून गलबलतं.

सरकारने काल, रविवारी, हिंदीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले, १६ एप्रिलचा आणि १७ जूनचा. ५ जुलैला मोर्चा निघणार होता. पहिलीपासून तिसरी भाषा मलाही मान्य नव्हती, निर्णय मागे गेला त्याचा आनंद झाला. पण टीव्हीसमोर बसल्याबसल्या वाटलं, १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) निर्णयाने कमी पटाच्या शाळांतली शिक्षकांची पदं जातात, त्यावर शिक्षक संघटना सोडून कोण बोललं? पट कमी का झाला? माझ्यासारख्यांनी मुलं दुसरीकडे घातली म्हणून. ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचतो त्यांची मुलं त्या शाळांत नाहीत. त्या शाळांचं काही झालं तरी सरकारला भीती कशाची?

मीही याच सरकारला मत दिलं होतं. आता कोणाला नावं ठेवू?


वागळेचा_पोरगा
३० जून

दादा, मी आरटीईच्या पहिल्या बॅचमधला. २०१२ ला पहिलीत प्रवेश, ठाण्यात. वडील रिक्षा चालवतात, आम्ही वागळे इस्टेटला चाळीत.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, इंग्रजी. मला आज जे इंग्रजी येतं ते त्या शाळेमुळेच. कॉलेज सांभाळून संध्याकाळी एका बीपीओत जातो, त्यातून माझी फी निघते. चाळीतल्या माझ्या वयाच्या पोरांना ती नोकरी मिळाली नाही, आणि ती माझ्यापेक्षा मठ्ठ नाहीत. म्हणून जागा सोडा असं मी म्हणणार नाही.

दुसरी, आठवीनंतरचं. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. माझी आठवी २०२० ला संपली. मार्चमध्ये शाळा बंद, परीक्षा न होताच पास. जूनमध्ये मेसेज आला, नववीची फी ५८ हजार. तेव्हा लॉकडाऊन, रिक्षा गल्लीत ताडपत्री टाकून उभी. पप्पांनी शाळेत तीन चकरा मारल्या, गेटच्या बाहेर उभे राहूनच बोलणं व्हायचं. शेवटी मी एका अनुदानित शाळेत गेलो, सेमी इंग्रजीला. मराठीतून इतिहास पहिल्यांदा वाचला. दहावी झाली, पण जुन्या वर्गाचं ऑनलाइन चालू असताना मी त्या ग्रुपमधून काढलेला होतो. निरोपही घेतला नाही कोणाचा.

तुमची मुलगी दुसरीत आहे, सात वर्षं हातात आहेत. बायकोचे पंधराशे येतात ना? जमलं तर त्यातले हजार पोस्टात आरडीला टाका, तिच्या नववीच्या नावाने. एकवीसशेची वाट बघू नका.

आणि डबा. मी आठ वर्षं एकाच मुलाबरोबर डबा खाल्ला. त्याच्या घरी कधी गेलो नाही, त्यालाही कधी आणलं नाही. घर लहान आहे म्हणून मीच टाळायचो, त्याने कधी काही म्हटलं नव्हतं. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीला एकदा घरी बोलवा.


घणसोली_गाववाला
३ जुलै

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं बायकोला वाचून दाखवलं, ती मधेच उठून आत गेली. तिची आई शाळेत शिपाई होती, हे मी वर लिहिलं नव्हतं.

या वर्षी मुलीला तिथेच ठेवतोय. आठवीनंतर फी पडते हे मला धड माहीत नव्हतं, पुढे कधीतरी बघू असं डोक्यात होतं. काल पोस्टात जाऊन हजाराची आरडी उघडली.

ग्रुपवर लिहिलं. रात्री अकराला लिहिलं, मराठीत: "माझी मुलगी आरटीईची आहे. तिची फी सरकारने भरायची आहे. थकली असेल तर सगळे मिळून मागू, पहिली सही माझी." सकाळपर्यंत कोणी काही बोललं नाही. मग ज्या बाईंच्या मुलीबरोबर ही डबा खाते त्यांनी मला वेगळा मेसेज केला की अर्ज कसा लिहायचा, मजकूर पाठवा. आधीच्या अंगठ्याबद्दल काही नाही. मीही काढलं नाही. ज्याने फुकटवाले लिहिलं होतं तो ग्रुपवर गप्पच आहे.

वर्गाच्या बाईंना भेटलो. त्यांना खरंच माहीत नव्हतं, त्या गेल्या वर्षी दुसऱ्या वर्गावर होत्या. आता मधल्या सुट्टीआधी त्या सगळ्यांनाच पाणी प्यायला सांगतात. मुलगी अजून सकाळी बाटली उजेडात धरून बघते. पण आजीबरोबर रकाने भरायला बसली होती. आजीने तिला एका दिवसात बावीस शब्द सांगितले, इंग्रजीचा रकाना भरायला मला डिक्शनरी घ्यावी लागली. खाचराला इंग्रजीत काय म्हणतात, कोणाला माहीत असेल तर सांगा.

ऐरोलीच्या ताई, तुमच्या हिशोबाचा तो कागद इथे टाकाल का? शाळेचं नाव खोडून टाका. अर्जाला जोडतो.